मीटिंगची वेळ ठरवायला लिंक की एजंट?

पुण्यात बसून लंडन आणि न्यू जर्सीचे क्लायंट सांभाळणाऱ्याला मीटिंग घेण्यापेक्षा तिची वेळ ठरवणंच जास्त जड जातं. हे काम सॉफ्टवेअरवर सोपवायचं असेल तर मुख्य पर्याय दोन: कॅलेंडलीसारखी बुकिंग लिंक, किंवा मेल वाचून परस्पर वेळ ठरवणारा एआय एजंट.

लिंकमध्ये समोरच्याला आपल्या मोकळ्या वेळा त्याच्या घड्याळाप्रमाणे दिसतात. हे फार कामाचं आहे. आपलं घड्याळ वर्षभर तेच, पण अमेरिकेचं मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातं आणि ब्रिटनचं शेवटच्या रविवारी. मधल्या दिवसांत न्यू जर्सीशी फरक साडेनऊ तासांवर येतो, लंडनशी मात्र साडेपाचच राहतो. तोंडी हिशेब इथेच हमखास चुकतो, लिंकचा चुकत नाही. पण मोठ्या पदावरच्या नव्या ग्राहकाला नुसती लिंक धाडली, तर 'तुमचं तुम्ही बघा' असा सूर लागतो. अशांना दोन वेळा लिहून द्याव्यात आणि खाली लिंक जोडावी. चार-पाच जण जमवायचे असतील तर डूडल या संकेतस्थळावरची मतचाचणी बरी, त्यात प्रत्येक जण आपल्या सोयीच्या वेळा निवडतो.

एजंटची कल्पना जुनीच. न्यूयॉर्कच्या एक्स.एआयने (मस्क यांची कंपनी वेगळी) २०१४ पासून 'एमी' नावाची मदतनीस बनवली. तिला सीसीत ठेवलं की पुढची बोलणी ती करायची. २०२१ मध्ये कंपनी विकली गेली आणि ती सेवा बंद पडली. 'गुरुवार सोडून कधीही, पण जेवणानंतर' असली वाक्यं आजच्या एजंटना बरीच चांगली कळतात.

माझी अडचण वेगळी आहे. एजंट परक्यांचा मजकूर वाचतो आणि त्यावर कृतीही करतो. २०२५ मध्ये इस्रायली संशोधकांनी कॅलेंडरच्या आमंत्रणात सूचना लपवून गूगलच्या जेमिनी या एआय मदतनीसाकडून घरातले दिवे बंद करवून दाखवले. गूगलने त्यावर उपाय केले, तरी मुळातला धोका प्रत्येक एजंटला आहे.

म्हणून आठवड्याला मोजक्याच मीटिंगा असणाऱ्याने लिंकच घ्यावी. रोज वेळा बदलत असतील, तर एजंट जरूर ठेवा. मात्र त्याला कॅलेंडरमध्ये फक्त 'मोकळा की व्यस्त' एवढंच दिसू द्या, आणि उत्तराचा मसुदा त्याने केला तरी 'पाठवा' हे बटण स्वतःच्याच हातात ठेवा.