अंतर चोख, वेळ मात्र अंदाजपंचे

दोन देशांतील दोन शहरांची नावे भरली की त्यांच्यातील हवाई अंतर आणि विमानप्रवासाचा कालावधी सांगणारी मोफत संकेतस्थळे आता पुष्कळ आहेत. त्यांपैकी एक मी प्रवासाची आखणी करताना नेहमी वापरतो; त्यातील अंतराच्या आकड्यावर खुशाल विसंबावे, वेळेच्या आकड्यावर मात्र विसंबू नये, असे माझे मत झाले आहे.

लंडन आणि न्यूयॉर्क ही नावे भरल्यावर सुमारे ५,५७० किलोमीटर हे उत्तर येते आणि तेच मैलांत व सागरी मैलांतही दिसते. हे अंतर पृथ्वीच्या गोलाकार पृष्ठभागावरील सर्वांत जवळच्या मार्गाचे असते. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी असल्यामुळे ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा गोल धरून केलेले गणित अर्ध्या टक्क्यापर्यंत चुकू शकते, परंतु प्रवाशाचे त्यामुळे काही अडत नाही. हे अंतर शहरापासून शहरापर्यंतचे आहे, विमानतळापासून नव्हे, एवढे लक्षात ठेवावे. तोक्योच्या मध्यभागापासून नारिता विमानतळ सुमारे ६० किलोमीटर दूर आहे.

खरी गोम वेळेच्या रकान्यात आहे. ताशी ८०५ किलोमीटर, म्हणजे ५०० मैल, असा सरासरी वेग धरून अंतराला भागायचे आणि उड्डाण व उतरण्यासाठी अर्धा तास मिळवायचा, इतकेच ते गणित आहे. त्यानुसार लंडन ते न्यूयॉर्क सुमारे ७ तास २५ मिनिटे होतात आणि परतीलाही नेमके तितकेच! प्रत्यक्षात अटलांटिकवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या जेट वाऱ्यांमुळे, म्हणजे खूप उंचावरील वेगवान वाऱ्यांमुळे, लंडनला येणारे विमान बहुधा तासभर लवकर पोहोचते. फेब्रुवारी २०२० मध्ये तर वादळी वाऱ्याच्या पाठबळावर ब्रिटिश एअरवेजच्या एका विमानाने न्यूयॉर्क ते लंडन हे अंतर ५ तासांच्या आत कापले होते.

हेलसिंकी ते तोक्यो या मार्गावर हा दोष अधिकच उघडा पडतो. सुमारे ७,८०० किलोमीटरसाठी हे गणित साधारण सव्वादहा तास सांगते. पण २०२२ पासून रशियाचे आकाश युरोपीय विमानांना बंद असल्याने, पूर्वी साडेनऊ तासांत होणाऱ्या या प्रवासाला आता वळसा घालून १३ तासांच्या आसपास लागतात. नकाशावरील रेषा मात्र सायबेरियावरूनच जाते आणि खाली त्याबद्दल चकार शब्द नाही.

विमान कंपनीच्या वेळापत्रकातील कालावधी विमानाने विमानतळावरील आपली उभी राहण्याची जागा सोडल्यापासून दुसऱ्या विमानतळावरील जागेवर लागेपर्यंतचा असतो, म्हणून धावपट्टीकडे जाण्याचा आणि रांगेत थांबण्याचा वेळ त्यात धरलेला असतो. पुढचे विमान पकडायचे असेल तर तोच आकडा घ्यावा.

घड्याळातील फरक मात्र हे संकेतस्थळ निवडलेल्या तारखेनुसार बरोबर दाखवते. अमेरिकेतील घड्याळे मार्चमध्ये ब्रिटनच्या आधी पुढे सरकतात, त्यामुळे लंडन आणि न्यूयॉर्कमधील ५ तासांचा फरक मधले काही आठवडे ४ तासांवर येतो, याचीही त्यात नोंद आहे. हीच तारीख उड्डाणाच्या वेळेच्या हिशेबातही धरली, तर हिवाळ्यातील जोरदार वाऱ्यांचा अंदाज तरी त्यात येऊ शकेल.