फुकटच्या लिफ्टचे सदतीसशे रुपये

रेवसच्या धक्क्यावर लाँचमधून उतरायचे आणि तेथून तेरेखोलच्या खाडीपर्यंतचा कोकण किनारा एसटी, फेरीबोट आणि मिळेल त्या वाहनाने पार करायचा, तोही माणशी रोजचा खर्च पाचशे रुपयांच्या आत ठेवून, असा बेत मी आणि माझ्या कोल्हापूरच्या मित्राने गेल्या फेब्रुवारीत आखला होता. पहिले आठ दिवस निर्विघ्न गेले. नवव्या दिवशी आम्ही फसलो, आणि त्याचे बरेचसे श्रेय त्या आठ दिवसांनाच द्यावे लागेल.

आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड अशा चार फेरीबोटींनी आम्ही चार खाड्या ओलांडल्या. या बोटींमुळे रस्त्याचा मोठा वळसा वाचतोच, शिवाय पुढची गाडीही बोटीवरच ठरते, कारण रस्त्याच्या कडेला हात दाखवून उभे राहण्यापेक्षा बोटीच्या कठड्याला टेकून उभ्या असलेल्या टेम्पोवाल्याशी दोन शब्द बोलणे केव्हाही सोपे असते. आम्ही चिऱ्यांच्या ट्रकमधून गेलो, मासळीच्या बर्फाच्या टेम्पोतून गेलो, एकदा बागेत पाला टाकायला निघालेल्या ट्रॅक्टरवरूनही गेलो. आमचे तीन नियम होते. बसण्याआधी किती द्यायचे ते विचारायचे, गाडीचा क्रमांक मित्राच्या बहिणीला कळवायचा, आणि अंधार पडल्यावर कोणाकडेही लिफ्ट मागायची नाही. (मालवाहू गाडीत बसलेल्या प्रवाशाला अपघात झाल्यास विमा कंपनी सहसा जबाबदार राहत नाही, हे मला परतल्यावर समजले, म्हणून त्या प्रवासाचे कौतुक येथे फारसे करत नाही.)

कुणकेश्वरचे दर्शन घेऊन आम्ही सकाळी नऊच्या सुमारास एका तिठ्यावर मालवणच्या एसटीची वाट पाहत उभे होतो. तेवढ्यात एक स्वच्छ पांढरी मोटार आपणहून थांबली. चालक पस्तिशीचा, बोलायला गोड. मुंबईच्या पाहुण्यांना देवगडला सोडून आपण रिकामेच परत निघालो आहोत, असे त्याने सांगितले. नियमाप्रमाणे आम्ही पैशांचे विचारले तेव्हा तो हसला आणि म्हणाला, “पैशे कसले घेतंय? वाटेतच तर जातंय.” पाहुणे सोडणाऱ्या गाडीची नंबरप्लेट पिवळी असायला हवी होती आणि ही पांढरी होती, एवढे आमच्या लक्षात यायला हरकत नव्हती. शिवाय दुसरा नियम आम्ही नेमका त्या दिवशीच मोडला. मळक्या ट्रकांचे क्रमांक आठ दिवस न चुकता कळवणाऱ्या आम्हा दोघांनाही या गाडीचा क्रमांक टिपून घ्यावासा वाटला नाही. पुढे तक्रार लिहिताना त्या रकान्यात आम्हाला रेघ ओढावी लागली.

वाटेत त्याने आम्हाला चहा पाजला, त्याचे पैसे आम्हाला देऊ दिले नाहीत, आणि आचऱ्याच्या आसपास पोचेपर्यंत मुक्कामाचा विषय काढला. शिवजयंतीला जोडून शनिवार-रविवार आल्यामुळे तारकर्ली-देवबाग भरलेले आहे, आयत्या वेळी खोली मिळणार नाही, असे तो म्हणाला. हे खरेच होते. फसवणाऱ्याच्या बोलण्यातला बराच भाग खरा असतो, म्हणून तर ते खपते. त्याच्या भावोजींचे देवबागला घर होते, सातशे रुपयांत खोली मिळणार होती, आणि विश्वास नसेल तर तुम्हीच नकाशात बघा, असा त्याचा आग्रह होता. मित्राने स्वतःच्या मोबाइलवर घराचे नाव टाकले. घर निघाले. माडांच्या बागेतले कौलारू घर, अंगणात तुळशी वृंदावन, फोटो, लोकांनी लिहिलेले चांगले अभिप्राय, सगळे जिथल्या तिथे होते. खाली दिलेल्या क्रमांकावर मित्राने स्वतः फोन लावला तेव्हा पलीकडून भावोजीच बोलले. एकच खोली उरली आहे आणि दुसरे गिऱ्हाईक अडून बसले आहे, असे त्यांनी सांगितले.

आम्ही चौकशी केली नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. चौकशी केली, पण ज्या दारातून त्याने नेले त्याच दारातून केली.

तीन रात्रींचे एकवीसशे आणि दोघांच्या स्कूबा डायव्हिंगचे (पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली मारायच्या बुडीचे) सोळाशे, असे सदतीसशे रुपये एकदमच भरायचे ठरले. भावोजींनी व्हॉट्सॲपवर पाठवलेला क्यूआर कोड चालकाने पुढे केला आणि पुढच्या वळणानंतर रेंज जाते, आत्ताच करून टाका, असे सुचवले. पडद्यावर उमटलेले नाव कुठल्याशा एंटरप्रायझेसचे होते. मित्र क्षणभर थांबला. ते धंद्याचे खाते आहे, हे उत्तर लगेच मिळाले. मी मागच्या सीटवरून काही बोलणार, तोच मित्र म्हणाला, “गड्या, माणूस एवढा फुकट नेतोय, आणि आपण त्याच्यावर संशय घ्यायचा?” मला ते पटले. त्याने लिफ्टचे शंभर रुपये मागितले असते, तर आम्ही खोलीच्या दरावरही घासाघीस केली असती.

मालवणच्या किनाऱ्यावर त्याने आम्हाला एका होडीवाल्या पोराच्या हवाली केले आणि तो निघून गेला. होडी थोडी आत जाऊन थांबली. आम्हाला डोळ्यांवर काचेचा मास्क आणि तोंडात नळी दिली, होडीच्या कडेला बांधलेला दोर धरायला सांगितला आणि तोंड पाण्यात घालायला लावले. वरून पावाचा चुरा टाकताच काळ्या पट्ट्यांच्या छोट्या माशांचा थवा आमच्याभोवती जमला. खाली बुडी मारलेल्या एकाने कॅमेरा वर रोखून आमचे चित्रीकरण केले. पाच-सात मिनिटांत सगळे आटोपले, पण चित्रफितीत आम्ही खोल समुद्रात तरंगत असल्यासारखे दिसत होतो, आणि त्या आनंदात चालकाविषयी आमच्या मनात कृतज्ञताच होती. मित्राने चित्रफीत घरी पाठवून दिली.

चार वाजता आम्ही रिक्षाने देवबागला पोचलो. एका बाजूला कर्लीची खाडी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये माडांची चिंचोळी पट्टी, आणि तिच्या टोकाकडे ते घर. फोटोतल्यासारखेच. वृंदावनापाशी बसलेल्या काकांना आम्ही बुकिंग दाखवले. त्यांनी चष्मा लावून क्रमांक वाचला आणि मान हलवली. “ह्यो नंबर माझो नाय, पोरांनू.” नकाशावर त्यांच्या घराचे नाव, फोटो आणि अभिप्राय खरे होते. फक्त दूरध्वनी क्रमांक कोणीतरी ‘दुरुस्ती सुचवा’ या सोयीतून बदलून टाकला होता. ही सोय वाटेवरच्या कोणालाही वापरता येते. काकांच्या मुलाने दोनदा खरा क्रमांक भरला, पण तो पुन्हा बदलला गेला. त्या हंगामात असे पैसे भरून आलेले आम्ही तिसरे होतो. त्यांच्या खोल्या भरलेल्या होत्या आणि दर बाराशे रुपये होता.

काकांचा मुलगा पाणबुड्यांबरोबर काम करणारा. आमची चित्रफीत पाहून त्याने इतकेच विचारले, “कानात दडे बसले होते का? नाक दाबून कान मोकळे करायला कोणी शिकवले?” दोन्हीचे उत्तर नाही असे होते. तेव्हा त्याने समजावले की दर दहा मीटर खोलीला समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाएवढा दाब वाढतो, त्यामुळे तीन-चार मीटर खाली गेले तरी कान दुखू लागतात आणि ते मोकळे करायला शिकवल्याशिवाय कोणताही जाणकार माणूस तुम्हाला खाली नेत नाही. त्याआधी दमा, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया यांची विचारणा करणारा अर्ज भरून घेतात, उथळ पाण्यात तोंडाने श्वास घ्यायचा सराव होतो, हातांच्या खुणा शिकवतात, आणि खाली एक प्रशिक्षक तुम्हाला धरून राहतो. आम्ही केले ते स्नॉर्केलिंग होते, म्हणजे नळीने श्वास घेत वरूनच पाण्यात पाहणे, आणि तेही अर्धवट. राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था तारकर्लीतच आहे, म्हणजे आम्ही रिक्षाने आलो त्याच वाटेवरच्या गावात. खरे तर खोलीचे पैसे गेल्यापेक्षा मला हेच अधिक लागले, कारण दुपारभर आम्ही ज्याला दोघांच्या आयुष्यातले धाडस समजत होतो, ते होडीच्या सावलीत उरकले होते.

काकांच्या मुलानेच आम्हाला ताबडतोब 1930 या सायबर मदत क्रमांकावर फोन करायला लावले. पैसे दुसऱ्या खात्यात वळवण्यापूर्वी किंवा काढून घेण्यापूर्वी कळवले तर बँक ते गोठवू शकते, म्हणून येथे एकेका तासाला किंमत असते, आणि आमचे सात तास मासे पाहण्यात गेले होते. फोनवर व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक, रक्कम आणि वेळ विचारली. त्यानंतर राष्ट्रीय सायबर तक्रार संकेतस्थळावर क्यूआर कोडचे चित्र आणि संभाषण जोडून तक्रार पूर्ण केली. काही दिवसांनी साडेअकराशे रुपये त्या खात्यात अडकवून ठेवल्याचे कळले. ते परत मिळण्यासाठी न्यायालयाचा आदेश लागेल, असे आम्हाला तेव्हा सांगण्यात आले. उरलेले त्याच दिवशी दुपारी निघून गेले होते. भावोजींचा तो फोन त्या संध्याकाळपासून बंद आहे.

त्या रात्री काकूंनी आम्हाला पडवीत चटया दिल्या. बांगड्याचे तिखले, उकड्या तांदळाचा भात आणि सोलकढी असे जेवण झाले, आणि सकाळी काकांनी जेवणाचे तीनशे रुपये मोजून घेतले. मला त्यामुळे उगाच बरे वाटले. अशा घरांकडे ‘निवास व न्याहारी’ योजनेचे नोंदणी प्रमाणपत्र असू शकते आणि ते फोनवर पाहायला मागता येते, हे काकांनीच सांगितले. त्यांचे भिंतीवर लावलेले होते. आता आम्ही खोली ठरवताना घरमालकाला व्हिडिओ कॉल करून फाटक आणि अंगण दाखवायला सांगतो, किंवा एसटीच्या वाहकाला, नाहीतर गावातल्या किराणा दुकानदाराला घराचा फोन क्रमांक विचारतो. आणि पैसे घेणाऱ्या खात्याचे नाव जुळत नसेल तर रेंज गेली तरी चालेल, असे म्हणतो.

निघण्यापूर्वी मित्राने एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहून दिले: ‘नकाशावरचा फोन नंबर आमचा नाही.’ काकांनी तो पुठ्ठा फाटकाजवळच्या माडाला सुंभाने बांधला, खाली स्वतःचा नंबर लिहिला, आणि थोडा विचार करून खोलीचा दरही लिहून टाकला.