पैसे देऊन गाईड घेतला: पंचगंगेकाठचे नऊ महिने, 14 फेऱ्या

सप्टेंबरमध्ये गळानं मासे धरायला नेणाऱ्या गाईडला पहिल्यांदा पैसे दिले, तेव्हा कोल्हापूरच्या शिवाजी पुलाजवळ रोज कळकाची काठी घेऊन बसणारे तात्या मला म्हणाले, "पैसंच द्यायचं हुतं तर मंडईत जाऊन किलोभर कटला आणायचास की." शेजारचे दोघं हसले. मला त्या वेळी उत्तर सुचलं नाही. आता मे संपत आला, माझ्या 14 फेऱ्या झाल्या, तेव्हा नीट लिहितो. गाईड घ्यावा की नाही, या विचारात असलेल्यांना उपयोग होईल.

मी शिरोलीत मशीन शॉपला आहे, सुट्टी सोमवारची. गळाचा नाद लागला तो मोबाईलवरचे व्हिडिओ बघून. रॉड घेतला, रीळ घेतलं, डबाभर ल्यूर, म्हणजे खोटी आमिषं, जमवले आणि दोन वर्षं एकट्यानं पाणी झोडपलं. मिळाल्या त्या चिलापी. आमच्या घरात कुणी कधी गळ टाकला नव्हता. तात्यांना त्यांच्या वडिलांनी नदीवर नेलं, वडिलांना आजोबांनी. "नदी फुकट शिकवते" असं ते म्हणतात तेव्हा त्यांच्या मागं उभी असलेली ही दोन पिढ्यांची माणसं त्यांना दिसत नाहीत, असं मला वाटतं.

माझा पहिला गाईड फसला. फोनवर "मरळ शंभर टक्के" म्हणाला, 2000 रुपये आगाऊ घेतले आणि सकाळी एका तलावावर नेलं. परवानगी आहे का विचारलं, तर "सगळं सेटिंग हाय" म्हणाला. तासाभरात तलावाचा राखणदार आला. तलाव मच्छीमार संस्थेनं ठेक्यानं घेतलेला, बीज त्यांनी सोडलेलं, आणि आम्ही त्यात गळ टाकून बसलेलो. गाईड बाजूला होऊन फोनवर बोलायला लागला. मी राखणदाराची माफी मागितली, रॉड आवरला आणि निघालो. पैसे परत मिळाले नाहीत. पण त्या दिवसापासून कुठल्याही गाईडला मी आधी हेच विचारतो: पाणी कुणाचं आणि पावती कुठं आहे? तोंडी उत्तर चालत नाही. राधानगरीच्या अभयारण्यात नेतो म्हणणारा कुणी भेटला तर तिथूनच परत फिरा.

दुसरे भेटले ते मामा. नाव लिहीत नाही, त्यांनाच ते नको आहे. नदीकाठच्या गावचे, पन्नाशी ओलांडलेले, लहानपणापासून वडिलांबरोबर पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकलेला माणूस. सकाळी सहा ते दहा, एकट्याचे 1000, दोघांचे 1500. मासा लागेल असा शब्द देत नाहीत. स्वतः गळ टाकत नाहीत, तुमच्या शेजारी उभे राहतात. एकच अट त्यांनी पहिल्याच दिवशी घातली: जागा कुणाला सांगायची नाही आणि फोटोत पूल, देऊळ, बंधारा काही दिसता कामा नये.

नोव्हेंबरमधली एक सकाळ सांगतो. बंधाऱ्यात बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालून पंधरा दिवस झाले होते. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे, त्यावरून गाडी घातलेली आहे, पण त्याच्याकडं माशाच्या बाजूनं कधी बघितलेलं नसतं. मामांनी मला तासभर रॉड उघडू दिला नाही. "आधी पाण्याकडं बघा. कुठनं पळतंय, कुठं थांबतंय?" खांबांच्या मधल्या बरग्यांच्या फटीतून खालच्या अंगाला पाणी झिरपत होतं, तिथं फेस होता. फेसाच्या कडेला बारकी मासळी चमकत होती. त्याच्या हातभर पलीकडं, खांबाच्या सावलीत, पाणी काळं आणि गप्प. मामा म्हणाले, "बारकं हितं खायला येतंय. मोठं त्येच्यासाठी तितं दबा धरून बसतंय. फेसात टाकू नगा. फेसातनं सावलीत जाऊ द्या." वरच्या अंगाला तुंबलेल्या पाण्यात मी आधीची दोन वर्षं ल्यूर फेकत होतो, कारण तिथं पाणी जास्त दिसतं. त्या दिवशी आठव्या की नवव्या फेकीला सावलीच्या कडेवर तंगूस, म्हणजे गळाचा दोरा, थांबला. दगडाला अडकल्यासारखा जड, आणि मग तो दगड चालायला लागला. शिवडा. लांब मिशा, रुंद जबडा, आत बारीक दातांची पट्टी. अडीच किलोच्या आसपास. हात ओला करूनच धरायचा हेही तिथंच शिकलो, कारण कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो. मामांनी त्याला तोंड प्रवाहाकडं करून पाण्यात धरायला लावलं. शेपटी आपणहून हलली तेव्हा सोडला.

मरळीसाठी ते गावच्या पाझर तलावावर नेतात. संस्थेची पावती त्यांच्या पिशवीत प्लास्टिकमध्ये घडी घालून असते आणि ती ते न मागता दाखवतात. मरळ हवेतला श्वास घेते, त्यामुळं तिला थोड्या थोड्या वेळानं वर यावंच लागतं. पाणकणसाच्या कडेला "पचक" असा आवाज होतो, बुडबुडा फुटतो. मामा बोट वर करतात, तोंड कुठल्या दिशेला होतं ते सांगतात, आणि रबरी बेडकाचा ल्यूर तिच्या दोन हात पुढं टाकायला लावतात. सगळ्यात अवघड गोष्ट त्यानंतर येते. पाणी फुटतं, बेडूक नाहीसा होतो आणि हात आपोआप झटका देतो. माझ्या पहिल्या चार मरळी अशाच गेल्या, बेडूक तोंडातून निसटून माझ्याच अंगावर आला. शेवटी मामा म्हणाले, "मनात 'जोतिबाच्या नावानं चांगभलं' म्हणायचं, पुरतं म्हणायचं, आणि मग वडायचं." तेवढ्या वेळात ती बेडूक नीट तोंडात घेऊन खाली वळते. पाचवी लागली.

आणि त्याच तलावावर सप्टेंबरच्या शेवटी त्यांनी मला गळ टाकू दिला नव्हता, ते मला या सगळ्या फेऱ्यांत जास्त महत्त्वाचं वाटतं. ताटाएवढ्या जागेत पाणी बारीक उकळल्यासारखं दिसत होतं. जवळ गेलो तर तांबूस-केशरी पिल्लांचा घोळका, शेकड्यांनी. त्याच्या खाली आईबापाची काळी सावली फिरत होती. राखणीला असलेली मरळ पिल्लांवर काहीही आलं की तुटून पडते, म्हणजे बेडूक टाकला असता तर पहिल्याच फेकीला लागली असती. मी एकही मासा न मिळालेल्या सकाळचे 1000 रुपये देणार होतो आणि समोर हमखास मासा होता. मामांनी रॉडच्या टोकावर हात ठेवला. "ह्यास्नी उचललं तर पिल्लं तासात संपत्यात. चला." पैसे घेऊन नको म्हणणारा माणूस. ज्याला गिऱ्हाईक टिकवायचं आहे त्याला हे किती जड जात असेल याचा विचार मी घरी येईपर्यंत करत होतो.

आता आपल्या गळवाल्या लोकांचं म्हणणं. नऊ महिन्यांत मी ते घाटावर, टपरीवर, मिसळ खाताना भरपूर ऐकलं. तरुण ल्यूरवाले म्हणतात, गाईडनं दाखवलेला मासा तुझा नव्हे. हे मला पटतं. हाती लागलेल्या पहिल्या तीन मरळी मी माझ्या मोजत नाही. आवाज मामांनी ऐकला, जागा त्यांनी दाखवली, वेळ त्यांनी सांगितली, मी फक्त रीळ फिरवलं. पण जानेवारीत मी एकटा गेलो, बुडबुडा मीच पाहिला, चांगभलं मीच म्हटलं, ती माझी. पैसे दिले नसते तर ही कधी झाली असती कुणास ठाऊक.

काहींना पैशाचाच राग आहे. नदीवर कसला बाजार मांडता, असं ते म्हणतात. पण पहाटे पाचला उठून चार तास दुसऱ्याचा गुंता सोडवत उभं राहणं हे काम आहे. रिळाच्या दुकानात आपण निमूटपणे चार-पाच हजार देतो, तिथं कुणी हरकत घेत नाही. त्या पैशातला एक रुपयाही नदीकाठच्या घरात जात नाही. कर्नाटकात कावेरीवर भीमेश्वरी, गालिबोरे, दोड्डमकळी इथं महसीरसाठी कॅम्प होते. मासा मोजून सोडायचा हा तिथला नियम, आणि गाईड म्हणून आसपासच्या गावांतलीच माणसं, ज्यांना प्रत्येक खडक आणि प्रत्येक धार पाठ. तो पट्टा अभयारण्यात असल्यानं पुढं वन्यजीव कायद्यामुळं गळ बंद झाला. पण गाईडमुळं मासेमारीचा दर्जा खाली येतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी तिथं जाऊन आलेल्या जुन्या माणसांशी बोलून बघावं.

तात्यांचा खरा राग मात्र वेगळा होता, आणि तो मला फेब्रुवारीत कळला. "पैशाचं काय न्हाई रं," ते म्हणाले, "जागा इकत्यात त्ये." म्हणजे ज्या डोहावर दहा वर्षं एक माणूस गुपचूप बसतो, तो डोह गाईड हजार रुपयांत कुणालाही दाखवतो आणि महिन्याभरात तिथं वीस गाड्या लागतात. ही भीती खरी आहे. फक्त माझ्या अनुभवात त्या वीस गाड्या गाईडनं आणल्या नाहीत, मी आणल्या. डिसेंबरमध्ये मामांनी दाखवलेल्या एका वळणावर मी कामावरच्या दोघांना घेऊन गेलो. चांगल्या मनानं नेलं, त्यांनाही गोडी लागावी म्हणून. त्यातल्या एकानं फोटो टाकला, मागं ओळखू येणारं झाड होतं. तीन आठवड्यांनी मामांबरोबर तिथं गेलो तर काठावर पाण्याच्या बाटल्या, तुटक्या तंगुसाचे पुंजके आणि एका पुंजक्यात पाय अडकलेला बगळा. मामांनी आधी तो सोडवला. चोच लागून त्यांच्या मनगटाला रक्त आलं. मला एक शब्द बोलले नाहीत. मीच सांगितलं की हे माझ्यामुळं झालं. "व्हय, कळलं मला," एवढंच म्हणाले. त्या जागी ते आता कुणालाच नेत नाहीत. त्यांच्या रोजगारातली एक जागा मी संपवली. दर सोमवारी दोघांनी मिळून तिथला तंगूस गोळा करायचा असं ठरवलं, चार सोमवार केलं.

हे मी तात्यांना जसंच्या तसं सांगितलं. ते बराच वेळ तरंगणाऱ्या बुचाकडं बघत राहिले आणि मग विचारलं, "बगळा जगला न्हवं?"

तक्रारीही आहेत. मामा फोन उचलत नाहीत, निरोप दोन दिवसांनी बघतात. रिळाचा ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा दोरा किती सुटावा याची पकड), ब्रेडेड लाइनची गाठ यातलं त्यांना फार येत नाही, पालोमर गाठ मी व्हिडिओवरूनच शिकलो. लाइफ जॅकेट सुरुवातीला नव्हतंच. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला उभं राहायचं आणि जॅकेट नाही, हे चालण्यासारखं नव्हतं. मी दोन विकत आणली, आता ते वापरतात. पाण्याच्या बाबतीत मात्र ते कडक आहेत. सप्टेंबरमध्ये राधानगरी धरणाचा एक स्वयंचलित दरवाजा उघडल्याचं कळताच ठरलेली फेरी त्यांनी रद्द केली. 14 पैकी 5 फेऱ्या पूर्ण कोऱ्या गेल्या, त्यांचेही पैसे मी दिले आणि मला ते जड गेले नाहीत.

एप्रिलनंतर नदीवर जाणं त्यांनीच थांबवलं. पाणी कमी, वरून सांडपाणी, खाली शिरोळकडं तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच आपण उन्हाळ्यात पुन्हा पुन्हा बघतोच. "दमलेल्या माशाला काय गळ लावायचा," म्हणाले. मेमध्ये फक्त दोनदा तलावावर गेलो.

आता पावसाच्या तोंडावर बरगे निघतील आणि चढणीचे मासे अंडी घालायला वर सरकतील. त्या दिवसांत मामा पैसे घेऊन कुणाला नेत नाहीत, शेतात असतात. राजाराम बंधाऱ्याची पातळी 39 फुटांच्या इशाऱ्याकडं चालली की त्यांच्या घरातलं सामान आधी वर चढवावं लागतं, या वेळी मदतीला मी जाणार आहे. सप्टेंबरचा दुसरा सोमवार दोघांसाठी धरून ठेवायला सांगितलाय. दुसरे तात्या आहेत. कळकाची काठी घेऊनच येणार म्हणाले.