पॉवर बीआय: तळाच्या आकड्यावरून केलेली पारख

पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या रिपोर्ट बनवायच्या सॉफ्टवेअरच्या चार्टचं कौतुक इतरांनी भरपूर केलंय. मी विक्रीचे रिपोर्ट बनवते आणि माझं लक्ष आधी टेबलच्या तळाशी, टोटलवर असतं. अकाउंट्सच्या साहेबांचंही तिथेच, तेही कॅल्क्युलेटर हातात घेऊन.

टोटलच्या ओळीत हे सॉफ्टवेअर वरच्या ओळी मिळवत नाही; तेच मेजर, म्हणजे आपण लिहिलेला हिशोबाचा फॉर्म्युला, सगळ्या डेटावर नव्याने चालवतं. समजा, एका मालाचे 10 नग 50 दराने गेले, दुसऱ्याचे 4 नग 200 दराने. मेजरमध्ये नगांची बेरीज गुणिले दरांची बेरीज लिहिलीत, तर ओळींत 500 आणि 800 बरोबर दिसतात, खाली मात्र 3500! म्हणजे 14 गुणिले 250. इथे सम-एक्स (SUMX) हे फंक्शन लावायचं: आधी ओळीओळीचा गुणाकार, मग बेरीज. 1300.

खरी मेख ‘टार्गेटला किती कमी पडलो’ या प्रश्नात आहे. एका मालाचं टार्गेट 100, विक्री 80, तूट 20. दुसऱ्याचं टार्गेट 120, विक्री 150, तूट शून्य. टोटलला विक्री 230, टार्गेट 220, म्हणून तूट शून्य. साहेबांना हवेत 20. अशा वेळी सम-एक्सला विक्रीचं अख्खं टेबल न देता व्हॅल्यूज (VALUES) या फंक्शनने फक्त मालाची यादी द्यायची आणि आत तुटीचं मेजर ठेवायचं. सबटोटलही आपोआप जुळतात. अख्खं टेबल दिलंत तर तूट बिलाच्या प्रत्येक ओळीला मोजली जाते, आकडा भलताच येतो, वर रिपोर्ट रखडतो तो वेगळाच.

तरीही टोटलची ही रीत मला पटते. 20 आणि 40 टक्के मार्जिनची टोटल 60 टक्के कुणाला हवीय? दोन्ही माल घेणारा ग्राहक टोटलमध्ये एकदाच मोजला जायला हवा, तो तसाच मोजला जातो. एक्सेलच्या पिव्होट टेबलमधलं कॅल्क्युलेटेड फील्डही, म्हणजे तिथे आपण घातलेला फॉर्म्युलाही, आधी बेरीज करून मग गणित करतं, आणि त्यात सम-एक्स वापरता येत नाही.

हे फॉर्म्युले लिहायची भाषा, डॅक्स (DAX), एक्सेलला जोडायच्या 2010 च्या पॉवरपिव्होटपासूनची, त्यामुळे तिथे हात बसलेल्यांना जड जाणार नाही. बाकीच्यांना माऊसने ओढून-सोडून देखणा रिपोर्ट लगेच जमेल, टोटलसाठी डॅक्स शिकावीच लागेल. पाचपैकी चार तारे. फॉर्म्युले लिहायचा कंटाळा असेल तर दोनच.