सोसायटीच्या गच्चीवर सोलार: नुसतं ऑन-ग्रिड, की बॅटरीसह स्वतःची मायक्रोग्रिड?

सर्वसाधारण सभेत सोलारचा विषय निघाला की कोटेशन आणि सबसिडीवर तासभर चर्चा होते. लाईट गेल्यावर लिफ्ट चालेल का, हे क्वचितच कुणी विचारतं. खरी निवड त्याच प्रश्नावर ठरते.

ऑन-ग्रिडमध्ये, म्हणजे बाहेरच्या लाईनला जोडलेल्या सोलारमध्ये, पॅनलची वीज आधी कॉमन मीटरवरच्या लिफ्ट-पंपाला जाते, उरलेली महावितरणच्या जाळ्यात. नेट मीटर आल्या-गेल्याचा हिशेब ठेवतो आणि दुपारची जादा युनिटं रात्रीच्या वापरातून वजा होतात. एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. वर्षभराची सरासरी काढली तर त्यातून दिवसाला चारेक युनिटं मिळतात, पावसाळ्यात बरीच कमी. २०२४च्या पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना कॉमन वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये मिळतात. बॅटरी नाही, त्यामुळे पॅनल धुण्यापलीकडे देखभाल फारशी नाही. निव्वळ बिल कमी करायचं असेल तर इथे दुसरा पर्याय जवळही फिरकत नाही.

गोम एवढीच की लाईट गेली की रणरणत्या उन्हातही ऑन-ग्रिडचा इन्व्हर्टर (पॅनलची डीसी वीज घरच्या एसीत बदलणारा) बंद पडतो. तो बिघाड नाही. बाहेर लाईन बंद आहे असं समजून वायरमन खांबावर चढलेला असतो; आपल्या गच्चीवरून त्या तारेत वीज गेली तर त्याच्या जिवावर बेतेल.

लाईट गेली की मायक्रोग्रिड आधी बाहेरच्या लाईनपासून स्वतःला तोडून घेते आणि मग हायब्रिड इन्व्हर्टर (पॅनल आणि बॅटरी दोन्ही सांभाळणारा) व बॅटरीच्या जोरावर आतलं जाळं चालवते. मोठ्या प्रमाणावर मुंबईची आयलँडिंग यंत्रणा हेच करते: बाहेरचं जाळं कोसळलं की शहराला त्यापासून तोडून स्वतःच्या विजेवर चालू ठेवते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी तीही टिकली नाही आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. तेव्हा ‘बॅटरी आहे, आता चिंता नाही’ असं सांगणाऱ्या विक्रेत्याचं बोलणं थोडं कमी करूनच ऐकावं.

पैसा मुरतो तो बॅटरीत. लेड-ॲसिड स्वस्त, पण चार-पाच वर्षांत बदलावी लागते, पाणी भरत राहावं लागतं आणि निम्म्याहून जास्त रिकामी केली की लवकर मरते. लिथियम आयर्न फॉस्फेट महाग, पण दहाएक वर्षं चालते. लिफ्टची मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते, तेव्हा लिफ्टला व्हीएफडी ड्राइव्ह (मोटर हळूहळू वेगात आणणारं उपकरण) आहे का हे आधी बघा. नसेल तर इन्व्हर्टर विनाकारण मोठा घ्यावा लागेल. जनरेटर असेल तर सोलारची वीज आटोक्यात ठेवणारा कंट्रोलर हवाच, नाहीतर सोलारची वीज उलटी जनरेटरमध्ये शिरते.

माझं मत विचाराल तर पुण्या-ठाण्यात, जिथे लाईट महिन्यातून दोन-चार तास जाते, तिथे अख्ख्या इमारतीची मायक्रोग्रिड म्हणजे हौस. ऑन-ग्रिड बसवा आणि एक लिफ्ट व जिन्यातले दिवे वेगळ्या वीजबोर्डावर काढून तेवढ्यापुरती छोटी बॅटरी ठेवा. पंप दुपारीच चालवा. किनारपट्टीची गोष्ट वेगळी. जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-दापोलीकडची कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. तिथे विहिरीचा पंप, फ्रिज आणि मोबाइल चालू ठेवणारी बॅटरी बिलाच्या हिशेबात बसत नाही, तरी घ्यावी. पॅनलचे पाय मात्र स्लॅबला पक्के बांधून घ्या.

आणि कुठलाही पर्याय घ्या, शेवटचा हप्ता देण्याआधी भर दुपारी मेन स्विच पाडायला लावा. काय चालू राहतं आणि किती वेळ, ते कमिटीने समोर उभं राहून बघावं.