खाऱ्या हवेतला एक पावसाळा: घरी बदललेल्या ब्रेक पॅडचा अनुभव

आमची पेट्रोलवर चालणारी पाच आसनी गाडी रत्नागिरीत, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, पत्र्याच्या शेडखाली उभी असते. तिच्या पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड मी उन्हाळ्याच्या अखेरीस घरीच बदलले. त्यानंतर संपूर्ण पावसाळा आणि आंबा घाटाच्या बऱ्याच फेऱ्या झाल्या असल्याने आता त्यांच्याविषयी खात्रीने लिहिता येईल.

जुने पॅड काढल्यावर जे दिसले, ते आधी सांगतो, कारण किनाऱ्यावर राहणाऱ्या प्रत्येक गाडीमालकाने ते लक्षात घ्यावे असे मला मनापासून वाटते. डाव्या चाकाचे दोन्ही पॅड साधारण सारखे झिजले होते. उजव्या चाकाच्या आतल्या पॅडवर मात्र जेमतेम तीन मिलिमीटर अस्तर शिल्लक होते आणि बाहेरच्यावर त्याच्या दुप्पट. आपल्याकडच्या बहुतेक कुटुंबाच्या गाड्यांत कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर आवळणारा भाग, दोन पिनांवर सरकणारा असतो. त्यातला पिस्टन आतला पॅड थेट डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीवर, दाबतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने कॅलिपर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिन अडकली की कॅलिपर सरकत नाही आणि बहुतेक काम आतल्या पॅडवर पडते. खालची पिन ओढून काढली तेव्हा तिच्या रबरी बुटाच्या चिरेतून आधी पाण्याचा थेंब आला आणि मागोमाग तांबूस, वाळूसारखा खरखरीत गंज. ग्रीसचा मागमूसही नव्हता. बाहेरून चाकाच्या फटीतून पाहिले असते, तर जाड बाहेरचा पॅड दिसून सगळे ठीक आहे असेच वाटले असते.

म्हणून माझे ठाम मत असे, की कोकणात पॅड बदलणे हे निम्मे काम आहे. उरलेले निम्मे म्हणजे पिना साफ करणे. मी त्या तारेच्या ब्रशने घासल्या, ब्रेक क्लीनरने धुतल्या, रबरी बूट नवे घातले आणि सिलिकॉनचे ग्रीस लावले. साधे चाकाचे ग्रीस येथे वापरू नये, कारण खनिज तेलामुळे हे रबर फुगते आणि पिन पुन्हा अडकते. पॅड ज्या खाचेत बसतात तेथील गंजही खरवडून काढावा. ब्रेकची धूळ फुंकरीने किंवा हवेच्या पंपाने उडवू नये. ती श्वासावाटे आत जाते, त्यामुळे क्लीनरने भिजवून पुसणे बरे.

पॅड निवडताना मी धातूचे प्रमाण जास्त असलेले टाळून सिरॅमिक घेतले. पोलादी तंतू असलेले पॅड दमट, खाऱ्या हवेत गंजतात आणि गाडी काही दिवस उभी राहिली तर डिस्कला चिकटूही शकतात, हे त्यामागचे कारण. चाकांवर काळी पूड जवळजवळ बसत नाही आणि करकर नाही, या दोन्ही बाबतींत मी समाधानी आहे. थंड असताना पहिल्या दाबाला पकड किंचित कमी जाणवते. पाय थोडा अधिक दाबावा लागतो. घरातील दुसऱ्या कोणी गाडी घेतली, तर त्यांना हे आधी सांगून ठेवावे.

पावसाळ्यात रोज सकाळी पहिल्या ब्रेकला खरखर ऐकू येत असे. तो दोष पॅडचा नव्हे. डिस्क बिडाची असते, रात्रभरात तिच्यावर गंजाचा पातळ थर धरतो आणि थोडे अंतर जाईपर्यंत पॅड तो घासून टाकतात. आंबा घाटातून साखरप्याकडे उतरताना मी गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवतो आणि ब्रेक सतत न दाबता थोडा वेळ दाबून सोडतो. पेडल कधी मऊ पडले नाही, गाडी एका बाजूला ओढली नाही.

कामाच्या वेळची काळजी हा स्वतंत्र विषय आहे. आपल्या अंगणात जांभ्याचे चिरे हाताशी असतात आणि तेच गाडीखाली टेकू म्हणून लावले जातात, पण हा दगड सच्छिद्र असतो आणि भाराखाली अचानक फुटू शकतो. गाडी लोखंडी स्टँडवरच टेकवावी, ओल्या मातीत जॅकखाली जाड फळी घालावी आणि मागच्या चाकांना अडसर लावावा. चिरा त्या अडसरापुरता चालेल. पिस्टन सी-क्लॅम्पने हळूहळू आत ढकलताना ब्रेक ऑइलची पातळी वर येते, म्हणून डबीकडे लक्ष ठेवावे; हे तेल रंगावर सांडले तर रंग जातो. कॅलिपर ब्रेकच्या नळीवर लोंबकळत ठेवू नये, तारेने बांधावा. पिनांचे बोल्ट चाकाच्या नटांपेक्षा बरेच कमी ताकदीने आवळायचे असतात, त्यामुळे पुस्तिकेतला आकडा पाहून टॉर्क पाना वापरावा. आणि गाडी जागची हलवण्यापूर्वी पेडल घट्ट लागेपर्यंत वारंवार दाबावे, नाहीतर पहिल्याच वळणावर पाय तळाला जाईल.

नवे पॅड डिस्कवर बसवण्यासाठी भाट्ये पूल ओलांडून सकाळच्या रिकाम्या रस्त्यावर ताशी पन्नासच्या आसपास वेग घ्यायचा, पूर्ण न थांबता वीसपर्यंत आणायचा आणि मध्ये थंड होऊ द्यायचे, असे बराच वेळ केले. ही पायरी गाळणाऱ्यांच्या गाड्यांत पुढे ब्रेक लावताना थरथर येऊ शकते.

पावसाळा संपल्यावर चाके काढून पाहिली, तेव्हा दोन्ही बाजूंच्या आतल्या-बाहेरच्या पॅडची झीज डोळ्यांना सारखीच दिसली आणि पिना बोटाने ढकलल्या तरी सरकल्या. ब्रेक ऑइल मात्र हवेतील ओलावा शोषते. डॉट ४ प्रतीचे कोरडे तेल किमान २३० अंश सेल्सिअसला उकळते, तर ओलावा शोषलेल्या तेलाची किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. घाटात तापलेल्या ब्रेकला हा फरक महागात पडू शकतो, म्हणून दोन वर्षे झालेले आमचे तेल मी याच महिन्यात गॅरेजमध्ये बदलून घेणार आहे. मागच्या ड्रमचे लायनरही त्याच वेळी उघडून पाहायला सांगणार आहे.