शिंगखत आणि सीपीपी : वर्षभर करून, वापरून पाहिल्यावर

शिंगखत म्हणजे गायीच्या शिंगात शेण भरून, जमिनीत पुरून केलेलं खत; सीपीपी (काऊ पॅट पिट) म्हणजे विटांच्या खड्ड्यात कुजवलेलं शेणाचं खत. गेल्या नवरात्रात शिंगं पुरली, पाडव्याच्या सुमाराला उकरली आणि यंदा खरिपात वाघ्या घेवड्याला वापरली. रान कोरेगाव तालुक्यातलं, अडीच एकर, मध्यम काळं. शिंगखताची पद्धत ऑस्ट्रियन तत्त्वज्ञ रुडॉल्फ स्टायनर यांच्या १९२४ सालच्या व्याख्यानांतून आलेली. बायोडायनॅमिक, म्हणजे स्टायनर यांच्या पद्धतीची शेती करणारे त्याला 'बीडी ५००' म्हणतात.

पहिली अडचण शिंगांची. शिंग गायीचंच लागतं, बैलाचं चालत नाही. आता गोठ्यागोठ्यात संकरित गायी, आणि त्यांची शिंगं वासरू असतानाच डागतात. वाड्यावस्त्यांवर फिरून, म्हातारपणी मेलेल्या खिलार गायींची पंधरा शिंगं जमेपर्यंत पावसाळा सरला.

त्याच्या आदल्या वर्षीचा घाणा पूर्ण वाया गेला होता. ओल राहील म्हणून विहिरीशेजारी खड्डा घेतला आणि शिंगांची तोंडं वर ठेवली. परतीच्या पावसाचं पाणी आत साठलं. उकरलं तेव्हा शेण हिरवंच, वरून कुजका वास. फार वाईट वाटलं. या खेपेला बांधालगत उंचवट्यावर, निचऱ्याच्या जागी, झाडाच्या मुळ्यांपासून लांब पुरली, तोंडं खाली करून. दुभत्या गायीचं ताजं शेण दाबून भरलं होतं. मार्चात शिंग दगडावर आपटलं, तर काळपट, ओलसर, मऊ खत बाहेर आलं. शेणाचा वास नावालाही नाही. एका शिंगात मूठभरच निघतं, पण एकरी लागतं साधारण २५ ग्रॅम. ते मातीच्या माठात ठेवलं, भोवती नारळाचा भुसा भरला. एप्रिलच्या उन्हात तो भुसा ओला ठेवायला विसरू नका, खत वाळलं की संपलं.

ढवळणं हे खरं काम. १३ लिटर कोमट पाण्यात २५ ग्रॅम, आणि तासभर हात थांबवायचा नाही. काठीनं कडेकडेनं फिरवत खोल भोवरा पाडायचा, लगेच उलटं फिरवून तो मोडायचा, पुन्हा पाडायचा. वीस मिनिटांत खांदा भरून येतो. आम्ही घरातले तिघे आळीपाळीनं करतो. दिवस कलल्यावर, जमिनीत ओल असताना, कडुलिंबाच्या डहाळीनं मोठ्या थेंबांत शिंपडायचं. पाठीवरच्या पंपाचं नोझल चोंदतं.

फरक काय पडला? अर्धा एकर मुद्दाम न शिंपडता ठेवला होता. शेंगा लागण्यात किंवा दाणा भरण्यात मला दोन्हीकडे सारखंच दिसलं. पहिल्याच हंगामात जमीन पालटते असं कुणी सांगितलं, तर माझ्या रानात तसं झालं नाही.

सीपीपीनं मात्र समाधान दिलं. विटा रचलेला फूटभर खोल खड्डा, ६० किलो शेण, त्यात अंड्याच्या टरफलांची पूड आणि काळ्या दगडाची भुकटी तुडवून एकजीव केलेली, वरून ५०२ ते ५०७ क्रमांकाच्या, वनस्पतींपासून केलेल्या मिश्रणांचे तयार सेट. त्या वनस्पती युरोपातल्या, इथं रानात मिळत नाहीत, म्हणून सेट विकतच आणले. ओलं गोणपाट झाकून, महिन्यानं उलथापालथ करून, तीन-साडेतीन महिन्यांत खत तयार झालं. त्याचं पाणी शेणखताच्या ढिगात ओतलं, तर ढीग दोन महिन्यांत चाळण्याजोगा झाला. एरवी चार महिने लागतात. यंदा ढीग जास्त वेळा पालटला होता, तोही हातभार असेल.

नव्यानं सुरू करणाऱ्यानं आधी सीपीपीच करावं. शिंगांसाठी वणवण नाही आणि शेण घरचं. मी शिंगंही पुन्हा पुरली आहेत. तोच अर्धा एकर रब्बीतही कोरा ठेवणार आहे, शाळू कसा येतो ते बघायला.